नेमापूर्वीची शिस्त

(नेमबाजीचे प्राथमिक प्रशिक्षण घेऊ इच्छिणारे विद्यार्थी व त्यांचे पालक यांच्यासमोर झालेल्या भाषणाचा मजकूर)



१ ऑगस्ट २०२४ रोजी फ्रान्समधील शातोरू येथील नेमबाजी केंद्रावर स्वप्नील कुसाळे यांनी ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्स या प्रकारात ऑलिंपिकचे कांस्यपदक मिळविले. कोल्हापूर जिल्ह्याच्या राधानगरी तालुक्यातील कांबळवाडी या लहानशा गावचा हा तरुण शासनाच्या क्रीडा प्रबोधिनीत घडला. १९५२ साली हेलसिंकी येथे खाशाबा जाधवांनी कुस्तीत मिळविलेल्या पदकानंतर वैयक्तिक ऑलिंपिक पदक महाराष्ट्राच्या वाट्यास येण्यास बाहत्तर वर्षे जावी लागली. साहजिकच या यशाने महाराष्ट्रातील हजारो मुलांच्या मनात रायफल हाती घेण्याची इच्छा जागी झाली.

ही इच्छा निराधार नाही. अंजली भागवत, सुमा शिरूर, २०१० साली म्युनिक येथे विश्वविजेतेपद मिळविणाऱ्या तेजस्विनी सावंत, २०१८ च्या आशियाई क्रीडा स्पर्धेत सुवर्णपदक पटकाविणाऱ्या राही सरनोबत अशी या क्रीडाप्रकाराची मोठी परंपरा महाराष्ट्रात आहे. भारतीय नेमबाजीच्या राष्ट्रीय संघटनेची स्थापना १९५१ साली झाली, तेव्हा तिचे पहिले अध्यक्षपद भूषविले ते लोकसभेचे पहिले सभापती गणेश वासुदेव मावळंकर यांनी. त्यांच्या नावाची अखिल भारतीय स्पर्धा आजही नवोदित नेमबाजांना राष्ट्रीय स्पर्धेकडे नेणारी वाट आहे. सभागृहाची शिस्त सांभाळणाऱ्या पुरुषाचे नाव नेमबाजीच्या स्पर्धेस मिळावे, यात एक औचित्य आहे. कारण नेमबाजी हा मुळात शिस्तीचा खेळ आहे.

नवा विद्यार्थी केंद्रावर येतो तो ‘दहा गुण कसे मारावयाचे’ हा प्रश्न घेऊन. चांगला प्रशिक्षक त्याचे उत्तर पहिल्या दिवशी देत नाही. तो आधी विचारतो, ‘तुझ्या शेजारी उभा असलेला मुलगा तुझ्यामुळे सुरक्षित आहे काय?’ या प्रश्नाचे उत्तर कृतीने देता आल्याखेरीज पुढच्या धड्यास अर्थ नाही. नेमबाजीच्या सार्वजनिक केंद्रावर अनोळखी माणसे खांद्याला खांदा लावून शस्त्रे हाताळतात. तेथे प्रत्येकाचा जीव इतरांच्या सवयींवर सोपविलेला असतो.

चार नियम

शस्त्र हाताळण्याचे चार नियम आज जगभर मान्यता पावले आहेत. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जेफ कूपर या अमेरिकन प्रशिक्षकाने ते सुटसुटीत रूपात मांडले. पहिला नियम असा की, प्रत्येक बंदूक भरलेलीच आहे असे मानून ती हाताळावी. दुसरा, जे नष्ट करावयाचे नाही त्याच्यावर नळीचे तोंड क्षणभरही रोखू नये. तिसरा, नेम लक्ष्यावर स्थिर होईपर्यंत बोट चापावर ठेवू नये. चौथा, लक्ष्य कोणते आणि त्याच्या पलीकडे काय आहे, याची खात्री करून घ्यावी.

हे नियम परस्परांना आधार देणारे आहेत. बंदूक रिकामी समजून कोणी चुकून चाप ओढला, तरी नळी मातीच्या बंधाऱ्याकडे असेल तर कोणास इजा होत नाही. नळी चुकून वळली, तरी बोट चापाबाहेर असेल तर बार उडत नाही. याचा अर्थ असा की, माणसाला इजा व्हावयाची तर बहुधा दोन नियम एकाच वेळी मोडावे लागतात. म्हणून एखादा नियम मोडला गेला आणि काही घडले नाही, तर त्यास नशीब समजून पुढे जाऊ नये. दुसऱ्या नियमाने त्या वेळी आपले काम केले, एवढेच त्यातून समजावे.

बंदुकीवर सुरक्षेचा खटका असतो, मग एवढी काळजी कशास, असा प्रश्न पालक विचारतात. खटका हे यंत्र आहे; ते झिजते, बिघडते आणि घाईत लावावयाचे राहूनही जाते. खटक्याने सवयीस जोड द्यावी. सवयीची जागा त्यास देता येत नाही.

रिकामी बंदूक

बंदुकीच्या अपघातानंतर ‘ती रिकामी होती असे वाटले’ हे वाक्य वारंवार ऐकू येते. २०२१ साली अमेरिकेच्या न्यू मेक्सिको राज्यात एका चित्रपटाच्या चित्रीकरणात, निर्धोक आहे असे सांगून अभिनेत्याच्या हाती दिलेल्या रिव्हॉल्व्हरमधून खरी गोळी सुटली आणि छायाचित्रणकार असलेल्या स्त्रीचा मृत्यू झाला. शस्त्र अनेक हातांतून गेले होते, परंतु शेवटच्या क्षणी त्यात काय आहे हे कोणी नीट पाहिले नव्हते.

म्हणूनच केंद्रावर शस्त्र देण्याघेण्याची एक रीत ठरलेली आहे. देणाऱ्याने मॅगझिन काढावे, बोल्ट उघडावा आणि काडतूस बसण्याची जागा रिकामी असल्याचे घेणाऱ्यास दाखवावे. घेणाऱ्याने ते पाहावे व शस्त्र हाती आल्यावर पुन्हा एकदा स्वतः तपासावे. येथे क्रम महत्त्वाचा आहे. आधी बोल्ट उघडून पुंगळी काढली आणि मॅगझिन तसेच राहिले, तर बोल्ट बंद होताच नवे काडतूस आत सरकते. वडीलधाऱ्या प्रशिक्षकाच्या हातून घेतलेले शस्त्र पुन्हा तपासणे हा त्यांचा अवमान होईल, असा संकोच मुलांना वाटतो. वस्तुतः ज्याने ही तपासणी केली नाही, त्याच्याच हातून जाणता प्रशिक्षक शस्त्र परत घेतो.

स्पर्धांत यापुढचीही खबरदारी घेतली जाते. शस्त्र वापरात नसताना त्यात भडक रंगाची सुरक्षादोरी घालून ठेवावी लागते. हवेच्या रायफलीत ती नळीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेलेली असावी लागते. ती दुरून दिसली की नळीत काही नाही हे सर्वांना कळते. विचारण्याची वा सांगण्याची गरज उरत नाही.

आनंदाच्या भरात

नळीच्या दिशेचा नियम पाठ करणे सोपे, पाळणे मात्र कठीण आहे. कारण तो मोडला जातो तो बहुधा निष्काळजीपणाने नव्हे, तर आनंदाने. नवशिक्याचा पहिला दहा लागतो. कोणी पाहिले काय, हे पाहण्यासाठी तो मागे वळतो आणि त्याच्या खांद्याबरोबर रायफलही वळते. कधी गरम पुंगळी उडून सदऱ्याच्या गळ्यात शिरते आणि पिस्तूल हातात असतानाच मुलगी दचकून मागे फिरते. कधी प्रशिक्षकाने नुसती हाक मारलेली असते.

१० मीटरच्या केंद्रावर एका नेमबाजास मिळणारी जागा जेमतेम १ मीटर रुंदीची असते. ज्या वळण्याने नेम हुकतो, त्याहून थोडे अधिक वळले की नळीसमोर शेजारचा माणूस येतो. म्हणून पहिल्या आठवड्यातच एक सवय हाडीमाशी खिळवावी लागते. हाक आली, प्रश्न पडला, शस्त्र अडले वा गुण लागले, तर आधी शस्त्र उघडून नळी लक्ष्याकडे ठेवून ते मेजावर ठेवावयाचे, हात मोकळे करावयाचे आणि मगच वळावयाचे. प्रशिक्षकानेही शस्त्र हाती असलेल्या मुलास मागून हाक मारू नये. त्याच्या बाजूस जाऊन हळू आवाजात बोलावे.

शस्त्र वापरणाऱ्याच्या शक्तीस साजेसे असावे, हाही याच शिस्तीचा भाग होय. ऑगस्ट २०१४ मध्ये अमेरिकेच्या ॲरिझोना राज्यातील एका सार्वजनिक केंद्रावर नऊ वर्षांच्या मुलीच्या हाती उझी बनावटीचे स्वयंचलित शस्त्र देण्यात आले. सलग बार होऊ लागताच त्याचा धक्का तिला आवरला नाही, नळी वर व बाजूस सरकली आणि शेजारी उभे असलेले प्रशिक्षक प्राणास मुकले. त्या मुलीने कोणताही नियम जाणूनबुजून मोडला नव्हता. चूक झाली ती मोठ्यांच्या निर्णयात. मुलांना आधी हवेची रायफल, तीही आधारावर ठेवून, आणि एका वेळी एकच छर्रा, असा क्रम चांगली केंद्रे कटाक्षाने पाळतात, ती उगीच नव्हे.

‘स्टॉप’ ही आज्ञा

केंद्रावर रेंज अधिकाऱ्याचा शब्द अखेरचा असतो. ‘लोड’ म्हटल्याखेरीज शस्त्र भरावयाचे नाही, ‘स्टार्ट’ म्हटल्याखेरीज बार करावयाचा नाही. ‘स्टॉप’ म्हटल्याबरोबर थांबावयाचे आणि ‘अनलोड’ म्हटल्यावर शस्त्र रिकामे करावयाचे. या चार शब्दांत ‘स्टॉप’चे स्थान वेगळे आहे. इतर आज्ञा अधिकाऱ्याने द्यावयाच्या असतात. परंतु धोका दिसला तर ‘स्टॉप’ असे ओरडण्याचा अधिकार तेथील प्रत्येकास आहे. काल दाखल झालेल्या मुलासही तो आहे. ही आज्ञा ऐकून ‘एवढा एक बार करून थांबतो’ असे म्हणणाऱ्यास केंद्रावर स्थान नाही. शंका खोटी ठरली, तर दोन मिनिटे गेली एवढेच. शंका घेणाऱ्यास कोणी हसू नये. नाहीतर खऱ्या संकटाच्या वेळी तो गप्प बसेल.

ज्या केंद्रांवर अजून कागदी लक्ष्ये वापरतात, तेथे ती बदलण्यासाठी माणसांना पुढे जावे लागते. सर्वांत अधिक दक्षता घ्यावयाची ती या वेळी. सर्व शस्त्रे उघडी करून, सुरक्षादोऱ्या घालून मेजावर ठेवलेली असावीत आणि प्रत्येकाने मेजापासून मागे सरकलेले असावे. पुढे माणूस असताना शस्त्र पुसणे, दुर्बीण जुळविणे, एवढेच काय, डबा उघडण्याच्या निमित्तानेही त्यास हात लावणे सर्वथा वर्ज्य होय. रिकाम्या शस्त्राने चाप ओढण्याचा सराव उपयुक्त आहे, पण तोही परवानगीने व नेमून दिलेल्या जागीच करावयाचा.

केंद्रावर शांतता पाळावी असे म्हणतात, त्याचे कारण केवळ एकाग्रता नव्हे. ऑलिंपिकच्या अंतिम फेरीत आता संगीत वाजते, प्रेक्षक टाळ्या देतात आणि नेमबाज त्यातही दहा मारतात. गप्पांच्या गोंगाटात ‘स्टॉप’ हा शब्द बुडू नये, हे शांततेचे खरे कारण आहे. भ्रमणध्वनी बंद ठेवावयाचा तोही त्याचसाठी.

हवेची बंदूक खेळणे नव्हे

प्राथमिक प्रशिक्षण हवेच्या रायफलीवर वा पिस्तुलावर होते. त्यात दारू नसते, आवाज थोडा असतो आणि कमी शक्तीच्या अशा शस्त्रास परवानाही लागत नाही. त्यामुळे ती जत्रेतल्या फुगे फोडण्याच्या बंदुकीसारखी वाटते. परंतु स्पर्धेच्या रायफलीतून ४.५ मिलिमीटर व्यासाचा शिशाचा छर्रा सेकंदाला सुमारे १७० मीटर वेगाने बाहेर पडतो. एवढा वेग डोळा कायमचा घालविण्यास पुरेसा आहे. कठीण भिंतीवर आपटून छर्रा उलटही येतो. म्हणून छर्रे अडविणाऱ्या पेटीखेरीज इतरत्र नेम धरू नये. डबे, बाटल्या, पक्षी यांच्यावर तर नव्हेच. या रायफलीच्या नळकांड्यातील हवेचा दाब साधारणतः २०० बार असतो, तर मोटारीच्या चाकात तो दोन-अडीच बारच्या घरात असतो. नळकांड्याच्या वापराची मुदत त्यावर नोंदविलेली असते. ती संपल्यावर ते वापरणे म्हणजे गालाजवळ धोका बाळगणे होय.

पॉइंट टू टू बोअरच्या रायफलीची गोष्ट आणखी निराळी आहे. राष्ट्रीय छात्रसेनेत गेलेल्या अनेक पिढ्यांना ती परिचित आहे. ५० मीटरवरील लक्ष्यासाठी वापरली जाणारी तिची गोळी मोकळ्या रानात एक किलोमीटरहूनही अधिक अंतर जाऊ शकते. दगडावर वा पाण्याच्या पृष्ठभागावर ती उसळी घेते. चांदमारीच्या मागे मातीचा उंच बंधारा घालतात तो याचसाठी. असा बंधारा नसलेल्या माळावर वा शेताच्या बांधावर ‘सराव’ करणाऱ्यास आपली गोळी कोठे थांबली हे कधीच सांगता येत नाही.

चाप ओढूनही बार झाला नाही, तर नवशिका लगेच रायफल उलटसुलट करून पाहतो. ही चूक प्राणघातक ठरू शकते. काडतुसातील दारू काही क्षण विलंबाने पेटण्याचा संभव असतो. नळी लक्ष्याकडेच ठेवून निदान अर्धा मिनिट थांबावे, हात वर करून अधिकाऱ्यास बोलवावे आणि मगच त्यांच्या देखरेखीखाली बोल्ट उघडावा. नेहमीपेक्षा फुसका आवाज आला तर लगेच थांबावे. गोळी नळीतच अडकलेली असू शकते. तिच्यामागून दुसरी सोडली तर नळी फुटते.

कान, डोळे आणि हात

काही धोके दिसत नाहीत. बंदुकीचा बार सामान्यतः १४० डेसिबलच्या आसपास वा त्याहून मोठा असतो. अशा आवाजाने कानाच्या आतील सूक्ष्म पेशी मरतात आणि त्या पुन्हा उगवत नाहीत. तरुणपणी कानात गुणगुण सुरू होते, ऐकू कमी येऊ लागते, आणि त्यावर पूर्ण उपाय नसतो. म्हणून बारूद वापरणाऱ्या केंद्रावर नेमबाजानेच नव्हे, तर मागे बसलेल्या पालकांनीही कानांस संरक्षक साधन लावावे. डोळ्यांस संरक्षक चष्मा असावा.

दुसरा अदृश्य धोका शिशाचा. छर्रे हाताळताना ते बोटांस लागते, काडतुसांच्या धुरातून श्वासात जाते. वाढत्या वयाच्या मुलांना त्याचा अपाय अधिक होतो. केंद्रावर खाऊ नये, छर्रा ओठांत धरू नये, सराव संपताच साबणाने हात व तोंड धुवावे आणि मगच डबा उघडावा. बंदिस्त केंद्रात हवा खेळती असावी आणि छर्रे साचलेली जागा कोरड्या केरसुणीने झाडू नये, हे पाहणे व्यवस्थापकांचे कर्तव्य आहे.

शिष्टाचार

दुसऱ्याच्या शस्त्रास विचारल्याशिवाय हात लावू नये. कोणी नेम धरलेला असताना त्याच्या अगदी मागे उभे राहू नये वा न विचारता सल्ला देऊ नये. नेमरेषा प्रेक्षकांनी ओलांडू नये. आपल्या पुंगळ्या, फाटलेली लक्ष्ये व सांडलेले छर्रे आपणच उचलावेत. केंद्राकडून घेतलेल्या काडतुसांचा हिशेब चोख द्यावा. खिशात राहिलेले एक काडतूसही घरी जाता कामा नये. थकवा असेल, ताप असेल वा मन थाऱ्यावर नसेल, तर त्या दिवशी शस्त्र उचलू नये. मद्य घेतलेल्यास तर दारातूनच परत पाठवावे, मग तो कितीही मोठा असामी असो.

शिष्टाचाराची खरी कसोटी मात्र प्रामाणिकपणात लागते. कधी नजरचुकीने शेजाऱ्याच्या लक्ष्यावर बार जातो. स्पर्धेत तो बार मारणाऱ्याचा हुकलेला बार धरला जातो. आपल्या लक्ष्यावर अनोळखी बार दिसला, तर तो दहाचा असला तरी ‘हा माझा नव्हे’ असे ताबडतोब सांगावयाचे असते. १० मीटर रायफलच्या लक्ष्यावरील दहाचा ठिपका अवघा अर्धा मिलिमीटर असतो. तेथवर पोहोचण्यासाठी वर्षे वेचणाऱ्याने न मारलेला दहा नाकारणे, हा या खेळातील मोठा सद्गुण मानला जातो. आणि सुरक्षिततेशी त्याचा जवळचा संबंध आहे. जो न मारलेला बार नाकारतो, तोच ‘माझी नळी आत्ता वळली होती, चूक माझी’ असेही सांगतो. चूक सांगण्याची मोकळीक ज्या केंद्रावर आहे, तेथे चुकीचा अपघात होण्यापूर्वीच ती सुधारली जाते.

केंद्राबाहेर

केंद्राची शिस्त दारातच सोडून यावयाची नसते. भारतात शस्त्र बाळगणे हा १९५९ च्या शस्त्र अधिनियमाखालील परवान्याचा विषय आहे, आणि २०१६ च्या नियमांनी परवाना मागणाऱ्यास शस्त्र सुरक्षित हाताळण्याचे प्रशिक्षण आवश्यक ठरविले आहे. २०१९ च्या दुरुस्तीने तर बेफिकिरीने वा आनंदोत्सवात बार करून इतरांचा जीव धोक्यात घालणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कारावास किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्हीही, अशी शिक्षा ठेवली आहे. वरातीत आकाशाकडे झाडलेली गोळी आकाशात राहत नाही. ती कोणाच्या तरी अंगणात उतरते.

घरी शस्त्र रिकामे, कुलपात, आणि काडतुसे वा छर्रे वेगळ्या कुलपात असावेत. किल्ली कोठे आहे हे मुलांना ठाऊक नसावे. पाहुण्यांसमोर रायफल काढून मिरविणे, लहान भावंडाच्या हाती देऊन छायाचित्र काढणे हे सर्वथा टाळावे. खंडेनवमीस आपल्याकडे शस्त्रांची पूजा होते. ती पुसून, स्वच्छ करून पाटावर मांडताना नळी देवघरातील माणसांकडे नाही ना, आणि आत काही नाही ना, हे पाहणे त्या पूजेच्या आधीचे पहिले कर्तव्य मानावे.

पालकांनी केंद्र निवडताना किती पदके मिळाली एवढेच विचारू नये. पहिल्या दिवशी थोडा वेळ मागे शांत बसून पाहावे. आज्ञा स्पष्ट ऐकू येतात काय? पुढे माणूस गेला की सर्वांचे हात मेजावरून निघतात काय? लहान मुलाने ‘स्टॉप’ म्हटले तर अनुभवी नेमबाजही थांबतो काय? या प्रश्नांची उत्तरे होकारार्थी असतील, तर मुलास तेथे निश्चिंत मनाने ठेवावे. वरळी व बालेवाडी येथील केंद्रांपासून तालुक्याच्या गावी एखाद्या सभागृहात चार लक्ष्ये मांडून चालणाऱ्या वर्गापर्यंत ही कसोटी एकच आहे. यंत्रे महाग असतात, शिस्तीस पैसा लागत नाही.

येथे जमलेल्या सर्वच मुलामुलींना ऑलिंपिकपर्यंत जाता येणार नाही. परंतु हातात शक्ती असताना ती दुसऱ्याकडे वळू न देणे आणि ‘थांब’ हा शब्द ऐकताच थांबणे, एवढे प्रत्येकास येथून घेऊन जाता येईल. प्रशिक्षणाच्या अखेरच्या दिवशी, जितके विद्यार्थी पहिल्या दिवशी आले तितके सर्व धडधाकट घरी परतावेत, हे या वर्गाचे पहिले यश. गुणांचा हिशेब त्यानंतरचा.